मदत हवी आहे: शाफ्टच्या बेअरिंग सीटला के६ टॉलरन्स आणि खाली झिंक प्लेटिंगची नोट. माप प्लेटिंगच्या आधीचं की नंतरचं?

नमस्कार मंडळी,

भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. टर्निंग आणि ग्राइंडिंग घरात, प्लेटिंग बाहेर. ईएन ८ स्टीलचा शाफ्ट आलाय. बेअरिंग बसतं त्या सीटला ø२५ के६, फिनिश आरए ०.८ मायक्रॉन. खांद्याला ‘अंडरकट डिन ५०९ – एफ ०.६ × ०.३’, म्हणजे कोपऱ्यात खाच, त्रिज्या ०.६, खोली ०.३. टायटल ब्लॉकवर आरए ३.२ आणि पुढे कंसात ०.८, म्हणजे खूण असेल तिथे ०.८, बाकी सगळीकडे ३.२. इथवर काही अडचण नाही.

घोळ शेवटच्या नोटमध्ये आहे: ‘झिंक प्लेटेड, ८ मायक्रॉन मिनिमम’. कुठे करायचं, कुठे नाही, काही लिहिलेलं नाही. ø२५ के६ म्हणजे २५.००२ ते २५.०१५, जागा फक्त १३ मायक्रॉनची. आठचा थर चढला की व्यास १६ नं वाढतो. सीट अगदी खालच्या मापाला ग्राइंड केली तरी प्लेटिंगनंतर २५.०१८. जॉब रिजेक्ट! पार्टीच्या परचेसवाल्यांना विचारलं तर म्हणे ‘ड्रॉइंगप्रमाणे करा’. ड्रॉइंगप्रमाणेच तर अडलंय.

अजून एक: अंडरकटची ०.३ खोली टर्निंगला धरायची की ग्राइंडिंगनंतरची?

ग्राइंडिंगवाला:
अंडरकटचं आधी सांगतो. ती मापं तयार जॉबची. व्यासावर ०.३ ग्राइंडिंग अलाउन्स (घासायला जादा मटेरियल) ठेवत असाल तर एका बाजूला ०.१५, म्हणून टर्निंगला खोली ०.४५ घ्या. आणि एफ आहे, ई नाही. एफमध्ये व्यासासोबत खांद्याच्या फेसलाही रिलीफ (खाच) लागतो. तिथेही फेसचा अलाउन्स धरा.

प्लेटिंगचं म्हणाल तर सीट आधीच थराइतकी मायनसमध्ये घासा.

क्यूसीतला:
मायनसचा हिशोब कागदावर बसतो, जॉबवर नाही. थर ८ ते १२ हलला तरी व्यासात ८ चा फरक पडतो. मग ग्राइंडिंगला उरले ५ मायक्रॉन. त्यात झिंक कडांना जास्त चढतं, सीट टेपर लागणार. शिवाय झिंक मऊ, बेअरिंग दाबून बसवताना खरवडून निघेल. सीट मास्क करायची, म्हणजे झाकून तिथे प्लेटिंग चढू द्यायचं नाही, हाच सरळ मार्ग.

पण स्वतःच्या मनानं नको. परचेसला फोन करू नका, डिझाइनला मेल टाका आणि प्रश्न असा विचारा की उत्तर हो किंवा नाही येईल: ‘ø२५ के६ सीटवर प्लेटिंग नको, हे मान्य आहे का? असल्यास ड्रॉइंगवर तशी नोट घालून नवं रिव्हिजन पाठवा.’ नुसतं ‘ओके’ आलं तर थांबा. इन्स्पेक्शनला त्यांचा माणूस जुनं ड्रॉइंग घेऊनच उभा राहतो.

मूळ प्रश्नकर्ता:
मेल टाकला. मास्किंगला प्लेटिंगवाला रबरी कॅप लावतो म्हणतोय, पण सीट शाफ्टच्या मधोमध आहे. तिथे काय वापरता?

ग्राइंडिंगवाला:
प्लेटिंगची टेप मिळते, ती ताणून दोन वेढे. कडेची रेघ अंडरकटमध्ये येऊ द्या, सीटवर नको.