साठवणीच्या गव्हात निलगिरी तेल: सोंड्यांवर खरंच चालतं का?

कणगी:
वर्षाच्या गव्हात पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर टाकणं बंद व्हायलाच हवं. निलगिरी, लवंग, वेखंड यांची उडून जाणारी तेलं हा चांगला पर्याय आहे. निलगिरी तेलातला मुख्य घटक सिनिऑल वाफेच्या रूपात किड्याच्या श्वासरंध्रांतून शिरतो आणि मज्जासंस्थेवर मार करतो. कापसाचा बोळा तेलात भिजवून मलमलीच्या पुरचुंडीत बांधा. एक पुरचुंडी धान्याच्या मधोमध, एक वर. तेल थेट दाण्यांवर ओतू नका.

बियाणेघर:
सोंडा मरतो, त्याची पिल्लावळ उरते. मादी सोंडेने दाणा कोरते, आत अंडं घालते आणि भोक चिकट स्रावाने बुजवते. अळी आणि कोष दाण्याच्या पोटातच वाढतात. उबदार हवेत महिन्याभराने नवा सोंडा बाहेर पडतो, तोवर तेल उडालेलं असतं. शिवाय प्रयोगशाळेतली मात्रा बऱ्याचदा रिकाम्या बरणीतल्या हवेसाठी काढलेली असते. भरल्या डब्यात गहू स्वतःच वाफ शोषतो, म्हणून तीच मात्रा तिथे तोकडी पडते. वाढवली तर चपातीला वास येतो.

आणि वेखंड खायच्या धान्यात नकोच. त्यातल्या बीटा-असारोन या कर्करोगाचा धोका असलेल्या घटकामुळे अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंडावर बंदी घातली.

कणगी:
वेखंडाचं मान्य, मागे घेतो. पण कडधान्याचं काय? मुगा-चवळीवरचा भुंगेरा अंडी दाण्याच्या सालीवर, उघड्यावर घालतो. तिथे वाफ पोचते.

बियाणेघर:
तिथे घाण्याचं साधं तेल जास्त भरवशाचं. किलोला ५ मिली. खायच्या कडधान्याला एरंडेल, बियाण्याला निंबोळी तेलही चालतं. ताडपत्रीवर पसरून तळहाताने चोळा, प्रत्येक दाणा चकाकला पाहिजे. सालीला चिकटलेलं पांढुरकं टिंब म्हणजे अंडं. तेलाचा थर बसला की ते गुदमरतं. हात घाईने फिरवला की कोरडे दाणे राहतात आणि कीड तिथूनच सुरू होते.

उन्हाळवाळवण:
दोघंही ओलाव्याबद्दल बोलत नाही आहात. गव्हाचा ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. दाताखाली दाणा कट्कन फुटला पाहिजे. ऊन दिल्यावर धान्य पूर्ण निवू द्या. गरम भरलं की झाकणाखाली पाणी सुटतं आणि वरच्या थराला बुरशी धरते.

डबा खरोखर हवाबंद असेल तर किडे आतला प्राणवायू संपवून आपोआप मरतात, तेल लागत नाही. हवाबंद नसेल तर तेलाची वाफही निघून जाते. मग तेल नेमकं करतं काय?

कणगी:
हे काठोकाठ भरलेल्या, न उघडणाऱ्या कोठीला लागू. दर आठवड्याला उघडायच्या अर्ध्या डब्यात हवा परत शिरते. तिथे तेल नव्या सोंड्यांना दूर ठेवतं, एवढाच माझा दावा. पुरचुंडी मात्र दर पंधरवड्याला पुन्हा भिजवावी लागते.

बियाणेघर:
मग तेवढंच लिहा, "पर्याय" म्हणू नका. एकाच पोत्यातला गहू दोन सारख्या डब्यांत भरा, एकात पुरचुंडी, एकात नाही. ४५ दिवसांनी चाळून सोंडे मोजा आणि शंभर दाण्यांत भोकाचे किती तेही. दाण्याच्या आत वाढून बाहेर पडलेली कीड या दुसऱ्या मोजणीतून कळते.