झेफिरची आरसी आपल्याकडच्या बोर्डवर चालवून खरंच काही उपयोग होतो का?

फर्मवेअर_नवी

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत फर्मवेअर लिहिते. आमचा पंप कंट्रोलर झेफिरवर (छोट्या चिपसाठीची ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम) चालतो आणि अजून २.७ एलटीएसवरच (बराच काळ फिक्स मिळत राहणारी आवृत्ती) अडकलाय. आता ३.७ वर जायचं चाललंय, त्या निमित्ताने मी पहिल्यांदाच रिलीज नोट्स नीट वाचायला घेतल्या आणि डोक्यात बरेच प्रश्न आले.

एक म्हणजे एवढे शेकडो बोर्ड आहेत, वेगवेगळे आर्किटेक्चर आहेत, तर रिलीज करायच्या आधी हे सगळं नेमकं तपासतं कोण? दुसरं, माझ्याकडे घरी एक न्यूक्लिओ एफ४०१आरई आहे आणि एक नॉर्डिकचं ५२८४० डीके (डेव्हलपमेंट किट), पुढची आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे फायनलच्या आधीची चाचणी आवृत्ती) आली की त्यावर टेस्ट चालवून रिपोर्ट टाकला तर त्यांना त्याचा उपयोग होईल का, की त्यांच्या सीआयमध्ये (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारी यंत्रणा) हे सगळं आधीच झालेलं असतं आणि मी उगाच गर्दी करीन?

तिसरं ऑफिसचं. आमच्या सिनियरचं म्हणणं आहे की आरसीला हात लावायचाच नाही, आणि पोर्ट केल्यावर नेटिव्ह सिमवर (बोर्डाशिवाय पीसीवरच चालणारं सिम्युलेशन) टेस्ट हिरव्या आल्या की बास. मला ते पटत नाहीये पण मुद्देसूद सांगता येत नाही. कोणी केलंय का हे?

जुना_सिरीयल

ताई, प्रश्न चांगला आहे, आणि उपयोग होतो, नक्की होतो. का ते सांगतो.

झेफिरची रिलीज दर काही महिन्यांनी येते. आधी डेव्हलपमेंटचा काळ, त्यात नवीन फीचर मर्ज होत राहतात. मग फीचर फ्रीज होतो, आरसी१ चा टॅग पडतो, आणि तिथून पुढे फक्त बगफिक्स, डॉक्युमेंटेशन आणि टेस्ट एवढंच आत घेतात. इश्यूंना हाय, मीडियम, लो अशी लेबलं लागतात. हाय असलेले शून्यावर आल्याशिवाय फायनल टॅग द्यायचा नाही असा नियम आहे, बाकी दोन्हींना वरची मर्यादा ठरलेली. म्हणजे रिलीज कधी होणार हे कॅलेंडरबरोबरच उघड्या बगांवरही ठरतं. आणि बग उघडा दिसायला आधी तो कोणीतरी नोंदवावा लागतो! ज्या बोर्डवर कोणी आरसी चालवलीच नाही त्या बोर्डचा बग यादीत नसतोच, आकडा मात्र छान दिसतो.

आता सीआय. प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (कोडमध्ये बदल घ्या अशी विनंती) ट्विस्टर, म्हणजे झेफिरचं टेस्ट चालवायचं साधन, चालतो, पण तिथे बहुतेक गोष्टी एक तर नुसत्या बिल्ड होतात किंवा क्यूईएमयू (चिपची नक्कल करणारा एम्युलेटर) आणि नेटिव्ह सिमवर चालतात. खऱ्या बोर्डवर चालवण्याचं काम बरंचसं चिप कंपन्या आपापल्या लॅबमध्ये करतात, त्यांचे स्वतःचे डीके त्यात नीट सांभाळले जातात. पण एखादा जुना बोर्ड, कोणा एकट्या माणसाने आवडीने आणलेला, किंवा नेहमीच्या बोर्डवर लावलेला एखादा सेन्सर, हे त्या जाळ्यातून निसटतं. तिथे तुमच्यासारख्यांची गरज आहे.

आणि तुमच्या सिनियरांना हे नक्की सांगा: नेटिव्ह सिममध्ये तुमचा कोड लिनक्सवरचा एक साधा प्रोग्राम म्हणून चालतो आणि तिथे सीपीयू जणू अमर्याद वेगाचा असतो. कोड चालू असताना सिम्युलेशनमधला वेळ पुढे सरकतच नाही, थ्रेड झोपले की मगच घड्याळ पुढे उडी मारतं. त्यामुळे कोणी नुसतं अपटाइम बघत लूपमध्ये थांबलं तर तिथे कायमचं अडकेल. उलट खऱ्या चिपवर मधेच इंटरप्ट येऊन व्हेरिएबल अर्धवट बदलतं ना, तसं तिथे घडणारच नाही. लॉजिक, पार्सर, स्टेट मशीन, मेमरीच्या चुका यासाठी नेटिव्ह सिम फार सुंदर आहे, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून चालवा, मी रोज वापरतो. पण टायमिंग, डीएमए (सीपीयूला न गुंतवता होणारी डेटाची ने-आण), फ्लॅश, झोपेतून उठणं याबद्दल ते काहीही सांगत नाही, आणि तुमच्या पंप कंट्रोलरच्या फील्डमधल्या तक्रारी बहुतेक याच बाबतीत येणार.

तापकीर_गल्ली

वरचं सगळं बरोबर. मी फक्त बोर्डवर प्रत्यक्ष कसं चालवायचं ते लिहितो कारण बरेच जण तिथेच कंटाळून सोडतात.

आरसीचा टॅग चेकआउट केल्यावर वेस्ट अपडेट (झेफिरसोबतच्या बाकी रेपो जुळत्या आवृत्तीवर आणणारी कमांड) करायलाच हवं, नाहीतर नवीन कर्नल आणि जुनं एचएएल (चिप कंपनीचा हार्डवेअरचा कोड) अशी खिचडी होते आणि मग जो बग दिसतो तो कोणाचाच नसतो. एसडीकेची (कंपायलर वगैरेचा संच) कुठली व्हर्जन हवी ती रेपोतल्याच फाईलमध्ये लिहिलेली असते, ती बघा.

मग ट्विस्टरला डिव्हाइस टेस्टिंगचा पर्याय आणि हार्डवेअर मॅपची फाईल द्यायची. मॅप तो स्वतःच बनवून देतो, कुठला बोर्ड कुठल्या सिरीयल पोर्टवर, फ्लॅश करायला कुठला रनर (फ्लॅश करणारं टूल) वगैरे. न्यूक्लिओ आणि नॉर्डिक डीकेला काही अडचण येणार नाही कारण त्यांच्यावरच्या डीबगरला वेगवेगळे सिरीयल नंबर असतात. पण पुढे तुम्ही बुधवार पेठेतून स्वस्त यूएसबी-सिरीयल आणून बाकीचे बोर्ड जोडलेत तर लक्षात ठेवा की सीएच३४० ला (अशा अ‍ॅडॉप्टरमधली एक चिप) बहुधा सिरीयल नंबरच नसतो आणि स्वस्त सीपी२१०२ वर बऱ्याचदा सगळ्यांवर ०००१ च असतो. दोन सारखे लावले की लिनक्सला वेगळे ओळखता येत नाहीत, रीबूटनंतर पोर्टांची अदलाबदल होते आणि टेस्ट एका बोर्डवर फ्लॅश होऊन लॉग दुसऱ्याचा वाचला जातो. अशा वेळी बाय-पाथवाली नावं वापरा, म्हणजे यूएसबीच्या कुठल्या भोकात लावलंय त्यावरून ओळख ठरते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. शेवटी जी समरी येते त्यात पास किती हे बघून खूश होऊ नका, फिल्टर झालेले आणि न चाललेले किती ते आधी बघा. ट्विस्टर बोर्डच्या यामल फाईलमध्ये काय लिहिलंय ते वाचतो, रॅम किती, आयटूसी आहे का, जीपीआयओ आहे का, आणि त्यात एखादी गोष्ट लिहिलेलीच नसेल तर त्यावर अवलंबून असलेली टेस्ट गुपचूप गाळतो. कितीतरी टेस्टना फिक्स्चर, म्हणजे बोर्डवर खास जोडणी, लागतं, जसं जीपीआयओच्या बेसिक टेस्टला दोन पिना जंपरने जोडलेल्या लागतात, एसपीआय लूपबॅकला मोसी आणि मिसो (डेटा पाठवायची आणि घ्यायची पिन) जोडावे लागतात. तुम्ही वायर जोडून मॅपमध्ये तसं फिक्स्चर लिहिलं नाही तर ती टेस्ट चालतच नाही. दोन रुपयांची जंपर वायर लावली की तुमचा रिपोर्ट एकदम वजनदार होतो, कारण ही वायर जोडायचे कष्ट फार कमी लोक घेतात. मला तर वाटतं आरसीच्या काळात कोणी फक्त लूपबॅकच्या टेस्ट नीट चालवल्या तरी प्रोजेक्टवर उपकार आहेत.

शिपिंगवाला

मी थोडं वेगळं बोलतो. आरसी टेस्ट करा, पण प्रॉडक्टमध्ये घालू नका, आणि तुमच्या सिनियरांना बहुतेक हेच म्हणायचं असेल. त्यात ते बरोबर आहेत. एलटीएस यासाठीच असते, १.१४ (२०१९), २.७ (२०२१), ३.७ (जुलै २०२४), आणि त्यात पुढे फक्त बग आणि सिक्युरिटीचे फिक्स येतात.

पण २.७ वरून थेट ३.७ वर उडी मारायचा विचार असेल तर जरा थांबा. झेफिरमध्ये एखादी एपीआय काढायची तर ती आधी डेप्रिकेट करतात आणि निदान दोन रिलीज तशी ठेवतात, त्या काळात बिल्ड केलं की वॉर्निंग येते, याच्याऐवजी हे वापरा म्हणून. तुम्ही थेट उडी मारली की या सगळ्या वॉर्निंग चुकल्या, समोर फक्त एररचा डोंगर. म्हणून मधल्या दोन-तीन रिलीजवर एकेक करून फक्त बिल्ड करा, वॉर्निंग साफ करा, कमिट करा, पुढे जा. हेडरच्या नावापुढे झेफिर लावणं, पिनकंट्रोल (पिनांची कामं ठरवायची नवी पद्धत), लेबलवरून डिव्हाइस शोधणं बंद होणं, जुनं लॉगिंग जाणं, टेस्टचे जुने मॅक्रो जाणं, हे सगळं या प्रवासात येतं. शेवटी ३.७ मध्ये हार्डवेअर मॉडेलच, म्हणजे बोर्डचं वर्णन लिहायची पद्धत, बदललं, बोर्डच्या नावात तिरकी रेघ आली, तुमचा स्वतःचा बोर्ड रेपोच्या बाहेर ठेवलेला असेल तर त्याच्या फोल्डरची मांडणी नव्याने करावी लागेल. त्याला वेगळा वेळ धरा, हे काम संध्याकाळच्या वेळात उरकणारं नाही.

फर्मवेअर_नवी

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! तापकीर_गल्ली दादा, मी आत्ताच आमचा जुना रिपोर्ट उघडून बघितला, जीपीआयओची टेस्ट खरंच फिल्टर झालेली आहे आणि आयटूसीचीही. शिपिंगवाला, मधल्या रिलीजवरून जायचं डोक्यातच आलं नव्हतं, सोमवारी मांडते.

अजून एक विचारते. आमचा कंट्रोलर जिथे बसतो तिथे लाईट कधीही जाते, अपडेट चालू असताना गेली तर काय, हे झेफिरच्या टेस्टमध्ये येतं का? आणि बग सापडलाच तर रिपोर्ट कसा लिहायचा म्हणजे कोणी बघेल?

जुना_सिरीयल

लाईटचं तुम्हालाच करावं लागेल, आणि आपल्याकडे ही टेस्ट सोडायची नाहीच. एमसीयूबूट (सुरुवातीला चालणारा बूटलोडर) नवीन इमेज आणि जुनी इमेज यांची अदलाबदल करताना कुठपर्यंत आलो याची नोंद फ्लॅशमध्येच ठेवत जातो, म्हणून मधे वीज गेली तरी पुढच्या बूटला तिथून पुढे चालू व्हायला हवं. आणि नवीन इमेज टेस्ट म्हणून मार्क केली असेल तर अ‍ॅपने स्वतः कन्फर्म केल्याशिवाय पुढच्या रीसेटला जुनी परत येते. हे सगळं कागदावर झालं, तुमच्या फ्लॅशच्या पार्टिशनवर, तुमच्या कॉन्फिगमध्ये ते चालतं का हे बघायला बोर्डची पॉवर रिलेवर घ्या, स्क्रिप्टने अपडेट सुरू करून यादृच्छिक वेळी तोडा, परत द्या, आणि बूटचा लॉग साठवा. रात्रभर चालू ठेवा. काही यूएसबी हबना प्रत्येक पोर्टची वीज वेगळी बंद करता येते, तसा मिळाला तर रिले पण नको, मात्र सगळे हब हे करत नाहीत, घ्यायच्या आधी खात्री करा, आणि डीबगरच्या पोर्टमधून बोर्डला चोरून वीज मिळत नाहीये ना तेही तपासा. सेटिंग साठवायला एनव्हीएस (फ्लॅशमध्ये सेटिंग ठेवायची झेफिरची सोय) वापरत असाल तर तसंच त्याचंही करा, लिहिता लिहिता तोडायचं.

सोबत एक बोर्ड नुसता चालू सोडून द्या. ३२ बिटांचा मिलीसेकंदांचा काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो, फील्डमध्ये दीड महिन्यानंतर पंप का थांबला हे शोधत बसण्यापेक्षा काउंटरची सुरुवातच शून्याजवळच्या शेवटच्या मिनिटापासून करून बघितलेलं बरं.

शिपिंगवाला

रिपोर्टचं सांगतो. बूट होताना बॅनरवर बिल्डची व्हर्जन छापून येते, ती ओळ जशीच्या तशी द्या. बोर्डचं पूर्ण नाव, एसडीकेची व्हर्जन, ट्विस्टरची पूर्ण कमांड आणि लॉग. आधीच्या रिलीजवर तीच टेस्ट पास होत होती का हे नक्की लिहा, कारण आधी चालत होतं आणि आता मोडलं अशा बगाकडे आरसीच्या काळात लगेच लक्ष जातं. जमलं तर गिट बायसेक्ट करून (अर्ध्या-अर्ध्याने तपासत) नेमका कमिट शोधून द्या, फक्त प्रत्येक पायरीला वेस्ट अपडेट करायला विसरू नका, नाहीतर चुकीच्याच कमिटवर बोट ठेवलं जाईल. बायसेक्ट केलेला इश्यू आला की मेंटेनरचं अर्धं काम झालेलं असतं.

फिक्स स्वतः पाठवलात तर कमिटमध्ये साइन-ऑफची ओळ (तुमचं नाव आणि ईमेल) हवीच. तो आधी मेन ब्रँचला जातो, मग बॅकपोर्टचं (तोच फिक्स जुन्या आवृत्तीत नेणं) लेबल लावलं की ३.७ च्या ब्रँचसाठी पुल रिक्वेस्ट आपोआप तयार होते, म्हणजे तुमच्या प्रॉडक्टला त्याचा फायदा एलटीएसवर राहूनच मिळतो.

आणि सापडलेला बग सिक्युरिटीचा वाटला, म्हणजे बाहेरून आलेल्या पॅकेटने मेमरी खराब होते वगैरे, तर उघडा इश्यू टाकू नका. त्यांची सिक्युरिटी टीम आहे, सीव्हीई नंबर (सुरक्षा त्रुटीचा जागतिक ओळख क्रमांक) झेफिर स्वतःच देतं, खासगीत कळवायचं आणि फिक्स सगळ्यांपर्यंत पोचायला ९० दिवसांची मुदत असते. २०२० मध्ये एनसीसी ग्रुप या सुरक्षा कंपनीने तपासणी करून झेफिरमध्ये २५ आणि एमसीयूबूटमध्ये १ त्रुटी काढल्या होत्या. तो अहवाल तुमच्या सिनियरांना वाचायला द्या, एलटीएसवर असलो तरी पॉइंट रिलीज वेळेवर का घ्यायच्या ते त्यांना त्यातूनच कळेल.