मदत हवी आहे : व्यायामाच्या सायकलचं डावं पेडल

बाबांसाठी व्यायामाची सायकल मागवली, जोडणी मीच केली आणि तिथेच घोळ झाला. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून घट्ट होतं, हे पाना लावून जबरदस्ती केल्यावर कळलं. (पेडलवर 'एल' कोरलेलं होतं, वाचतो कोण!) क्रँकच्या (पेडल ज्यात बसतं त्या दांड्याच्या) भोकातून लोखंडाचा बारीक चुरा पडला. आता कितीही आवळलं तरी दहा मिनिटांत कट्कट् सुरू.

सायकलवाला टॅप मारून आटे परत पाडून देतो का, की क्रँकच बदलावा लागेल? कुणी करून घेतलंय?

तोवर बाबांना बसू देत नाहीये, ते रोज विचारतात. त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून पेडल खाली असताना पाय किंचित वाकलेला राहील इतकी सीट वर घेतली आहे. सुरुवातीला रेझिस्टन्स अगदी कमीच ठेवावा ना?