गडद ‘वॉर्म’ रंगाला मराठीत काय म्हणायचं?

हॉलमधली सोफ्यामागची एक भिंत रंगवून घ्यायचीय. शेडकार्डावर एक रंग पसंत पडलाय, विटेपेक्षा काळपट, चॉकलेटीपेक्षा लाल, असा मधलाच काहीतरी. आईला फोनवर सांगायला गेले आणि तिथेच अडकले. डार्क वॉर्म कलर आहे गं म्हटलं तर म्हणाली नीट मराठीत सांग, मग मी ‘गडद उबदार’ म्हटलं तर हसायलाच लागली, गोधडी उबदार असते, भिंत कशी उबदार असेल म्हणे. तर वॉर्मला उबदार चालतं का? आणि मुळात या रंगाला नाव काय?

*

शाळेत चित्रकलेच्या तासाला ‘उष्ण रंग’ आणि ‘शीत रंग’ शिकवायचे की! एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसलेल्यांना आठवेल, लाल-केशरी-पिवळा उष्ण, निळा-हिरवा शीत. म्हणजे शब्द आहे, पण तो कागदापुरताच. नागपुरात मे महिन्यात ‘आम्ही हॉलला उष्ण रंग दिला’ असं सांगून बघा, लोक कूलर घेऊन येतील. उबदार मलाही खटकतो कारण ऊब अंगाला लागते, डोळ्यांना नाही. पण इंटिरियरवाल्यांनी तो आता रुळवलाच आहे, त्यामुळे चूक म्हणायला जीभ रेटत नाही.

*

आपल्याकडे असा रंग सांगायचा तर सरळ वस्तूचं नाव घेतात. नाकात ओढायच्या तपकिरीवरून तपकिरी, विटेवरून विटकरी, शिवाय डाळिंबी, आमसुली. साडीच्या दुकानात ‘आमसुली दाखवा’ म्हटलं की बरोबर गठ्ठा खाली येतो, तिथे कुणी वॉर्म आहे का विचारत नाही. मरूनसुद्धा तसाच बरं का, फ्रेंचमधल्या चेस्टनटच्या नावावरून इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे. आणि किरमिजी तर किड्यावरून, अरबी किरमिझ म्हणजे तो रंग देणारा किडा, इंग्रजीतला क्रिमझन पण त्याच घरातला.

*

गेरू राहिलाच की. भिंतीला गडद रंग ही काय नवी फॅशन नाही, आमच्या गावच्या घराला पांढऱ्या भिंतीच्या खाली दीड हात गेरूचा पट्टा असायचा, पावसात चिखल उडाला तरी दिसायचा नाही. वारली चित्रांची मागची भिंतही बऱ्याचदा गेरूचीच, त्यावर तांदळाच्या पिठाचं पांढरं. कोकणात, गोव्यात त्याला काव पण म्हणतात, देवळांच्या भिंतींवरची कावी कला त्या कावेचीच, चुन्याच्या थराखाली-वर लाल-पांढरं खेळवून कोरलेली. फक्त जांभ्याचा (कोकणातल्या त्या तांबड्या दगडाचा) रंग म्हणायला जाऊ नका, ऐकणारा जांभळा समजतो. माझ्या मेव्हण्याने पेंटरला फोनवर सांगितलं होतं, पुढचं विचारू नका.

*

कुणीतरी ‘काथ्या कलर’ म्हणेल त्याआधीच सांगते, काथ्या म्हणजे नारळाचा, दोऱ्या वळतात तो. विड्यातला तो कात, त्यावरून हिंदीत कत्थई. दुकानदार दोन्ही एकत्र करतात.

आणि गडद-गर्दचा घोळ. झाडी गर्द, हिरवा गर्द, निळा गर्द चालतो, पण गर्द तपकिरी माझ्या कानाला बोचतो, तिथे गडदच. भडक म्हणजे डार्क नाही, डोळ्यात घुसणारा, गुलाबीही भडक असू शकतो. तुमच्या भिंतीसाठी मला ‘गहिरा’ आवडेल, त्यात खोली आहे. (खोली या शब्दावर विनोद नको.)

*

शब्द ठरवा सावकाश, आधी बल्ब बघा. पांढरीफटक ६५०० केल्विनची ट्यूब असेल तर असला रंग मातकट दिसतो, पिवळसर २७०० ला तोच तांबूस उजळतो. मी रंगकाम करवून घेतो म्हणून सांगतो, लोक दुकानात पसंत करतात आणि घरी येऊन पेंटरशी भांडतात. भिंतीवरच दोन बाय दोनचा नमुना मारून सकाळी, दुपारी, रात्री बघा. लांबी (म्हणजे पुट्टी) नीट घासून घ्या आणि प्रायमरमध्ये थोडा तोच रंग टाकायला सांगा, नाहीतर तिसरा हात मारूनही पांढरं डोकावतं. एकदम मॅट घेतलात तर पोरांचे हात उमटतात.

*

सगळ्यांना थँक्स. नमुना मारून झाला. पेंटरने त्याच्या वहीत ‘चाकलेटी’ लिहिलंय, नवरा मरून म्हणतोय, मी गेरूवर आलेय. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणाली, अगं हा आमसुली. आता तिच्याशी नवा वाद लागलाय, आमसुली म्हणजे सुक्या आमसुलाचा काळपट, की सारासाठी भिजवल्यावर सुटतो तो लाल? साडीवाले नक्की कुठला धरतात?