मदत हवी आहे: खरवडलेले नॉनस्टिक तवे टाकायचे कुठे?

घरात तीन जुने नॉनस्टिक तवे आहेत. एकाचा लेप मधोमध उडून खालचं ॲल्युमिनियम चकाकतंय, कडेचे काळे पापुद्रे नखाने निघतात. तिन्ही वापरणं बंद केलंय.

खोक्यावर 'पीएफओए-मुक्त' छापलंय, पण तेवढ्यावर माझं समाधान होत नाही. पीएफओए हे रसायन पूर्वी लेप बनवताना वापरत. २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात (घातक, टिकाऊ रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) काही अपवाद वगळून त्यावर बंदी आली, २०२३ मध्ये ते माणसात कर्करोग करणारं ठरलं. लेप मात्र पीटीएफईचा (टेफ्लॉन), म्हणजे त्याच पीफास कुळातला, निसर्गात सहजी न विरणाऱ्या चिवट फ्लोरिनयुक्त रसायनांच्या. पोटात गेलेला कण न पचता बाहेर पडतो, त्याची मला तितकी भीती नाही. पण लेप फार तापला की विषारी वायू सुटतात, पिंजऱ्यातले पक्षी त्याने मरतात. म्हणूनच भंगारवाल्याला द्यायला हात धजत नाही. तवा लेपासकट भट्टीत गेला तर?

कंपनीला मेल केला, उत्तर नाही. घंटागाडीवाले म्हणाले, सुक्या कचऱ्यात टाका. लेप घरी घासून काढणार नाही, ती भुकटी मोरीतून नदीतच जाईल.

बिडाचा तवा सुचवू नका, आणलाय. नारळाच्या शेंडीने तेल लावून घावन सुटतातही, पण आईच्या मनगटाला तो पेलत नाही.

पुणे परिसरात लेप वेगळा काढून मगच धातू वितळवणारं, एकदोन तवेही घेणारं कुणी माहीत आहे का? आणि आईसाठी लेप नसलेला, हलका तवा कुणी रोज वापरतं का, कुठला?