‘विषारी सात्या’ म्हणावं का?

— मुलांसाठी विषारी भूछत्रांवर मराठीत लिहिते आहे. ‘डेथ कॅप’ला आपल्या चंद्रपूरकडचा शब्द म्हणून ‘विषारी सात्या’ लिहिलं तर चालेल का?

— ताई, कृपा करून तसं लिहू नका. सात्या म्हणजे कोणतंही भूछत्र नव्हे. पावसाळ्यात वारुळावर निघतात आणि ज्यांची भाजी होते, त्याच सात्या. काही गावांत टेकोडे म्हणतात. जे खायचं नाही ते सगळं ‘कुत्र्याची छत्री’. आजी लांबूनच ओरडायची, “हात लावू नोको, थे कुत्र्याची छत्री होय!” खायच्या जातींना नाव आहे, बाकी सगळ्यांना मिळून एकच. त्यामुळे ‘सात्या’ ऐकलं की आमच्याकडचं पोर ताट पुढे करतं. त्या शब्दामागे ‘विषारी’ जोडून भागणार नाही.

आजी सात्या खुडत नसे. बोटांनी माती उकरत जायची. पांढरा दांडा मुळासारखा निमुळता होत थेट वाळवीच्या घरात उतरलेला असायचा. ही बुरशी वाळवीच आत पोसते.

डेथ कॅप मूळची युरोपातली, ओकच्या झाडांच्या मुळांशी वाढणारी. टोपी हिरवट-पिवळी, खालचे पापुद्रे पांढरे, दांड्यावर कडं आणि बुडाशी पिशवी. वरून कापली तर ती पिशवी मातीतच राहते आणि मुख्य खूण हुकते. तिच्यातलं अमॅटॉक्सिन हे विष शिजवून किंवा वाळवून जात नाही. उलट्या-जुलाब बहुधा 6 ते 12 तासांनी सुरू होतात, मग मधे थोडं बरं वाटतं, आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. भाजीत लसूण टाकून रंग बदलतो का पाहायची जुनी रीत आहे. त्यात हे विष कळत नाही. हे मुलांना ठळक अक्षरात सांगा.

नाव ‘डेथ कॅप’च ठेवा, पुढे ‘एक विषारी भूछत्र’ लिहा.

— आणि बुडाच्या पिशवीला ‘मूळ’ म्हणू?

— नको. कोवळं भूछत्र ज्या आवरणातून वर येतं, त्याचा तो उरलेला भाग. फुटक्या अंड्याच्या टरफलासारखा दिसतो. ‘बुडाची पिशवी’ सरळ आहे, मुलांना कळेल. आणि सात्यांचं चित्र काढलंत तर खाली वारूळ नक्की दाखवा.