मदत हवी आहे : इंदापूरची जुनी मोजणी कुठे रखडायची?

आडवाट
इंदापूर तालुक्याच्या १८३६ च्या बंदोबस्तावर, म्हणजे जमीन मोजून शेतसारा ठरवण्यावर, लेख लिहितोय. प्रिंगल या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याची आधीची पाहणी फसली आणि गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांना ती निस्तरावी लागली, इथवर ठीक. अडलंय ते कचेरीच्या कारभारात. मोजणीदार वाढवले असते तर काम लवकर उरकलं असतं का? आणि कागद कुठले बघू?

साखळीवाला
नुसते मोजणीदार वाढवून फारसं साधत नाही, काम तुंबतं तपासणीपाशी. मोजायची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ सारखे भाग, त्यांना आणे म्हणायचं. एक चौरस साखळी म्हणजे गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. रोजच्या ओढाताणीने कड्या ताणतात. साखळी दोनच इंच वाढली तरी लांबीत अर्धा टक्का आणि क्षेत्रात एक टक्का फरक पडतो, तोही उलटा: साखळी लांब तर शेत लहान भरतं. २० एकरांत ८ गुंठे गायब! मोजणीदार प्रामाणिक असला तरी फेरमोजणीत आकडा जुळत नाही, आणि मग त्या साखळीने मोजलेली सगळीच शेतं संशयात. अशा वेळी दहा मोजणीदारांपेक्षा एक खमक्या तपासनीस कामाचा.

प्रतबुक
प्रतबंदी, म्हणजे जमिनीची प्रत ठरवणं, विसरू नका, खरी मेख तिथे आहे. सर्व्हे नंबरचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात पहारीने खणून मातीची खोली हात या मापाने मोजायची. मग जमिनीचा कस आण्यांत मांडायचा: उत्तम काळी पावणेदोन हात खोल असेल तर १६ आणे, दीड हात १४, सवा हात १२, हात भर १०. अशा नऊ प्रती, शेवटची २ आण्यांची. चुनखडी, वाळू, उतार असा दोष दिसला की दर दोषाला एक प्रत खाली. म्हणजे दीड हात काळी, पण चुनखडीही आहे आणि उतारही, तर १४ वरून थेट १०.

आता चुनखडी किती म्हणजे दोष, हे नजरेचं काम. नवखा कारकून आणि मुरलेला कारकून एकाच खड्ड्याला वेगळे आणे लावणार. प्रिंगलच्या पद्धतीत तर निव्वळ उत्पन्न काढून त्याचे ५५ टक्के सरकारचे. त्यासाठी लागणारे आकडे खालच्या कारकुनांच्या हातचे आणि वरून देखरेख तोकडी. चिरीमिरीला रानच मोकळं.

आडवाट
वा, हे नेमकं हवं होतं. पावसाळ्यात काम बंदच ना?

साखळीवाला
रानातलं बंद, कचेरीतलं चालू: क्षेत्राचे गुणाकार आणि नकाशे. गोम इथेच आहे. आषाढात गुणाकार जुळला नाही तर साखळी पुन्हा न्यायची कुठे? रानात चिखल, नंतर उभं पीक. एका चुकीपायी चार-पाच महिने गेले. त्यातून विंगेट आणि त्याचा सहकारी नॅश हे लष्करातले लेफ्टनंट. असा अधिकारी तापाने पडला की त्याच्या हाताखालची तपासणीही पडून.

प्रतबुक
कागदांचं: टिपण (मोजणीची नोंद), गुणाकारबुक (क्षेत्राचा हिशेब), प्रतबुक (प्रतबंदीची नोंद) तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीत मागा. पत्रव्यवहारासाठी पुण्याचं पुराभिलेखागार आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं. मोडी वाचणारं कुणी सोबत न्या. पहिला बंदोबस्त ३० वर्षांचा होता, त्यानंतर फेरपाहणी झाली. तेव्हा हाती आलेल्या टिपणावरचं साल आधी बघा, नाहीतर १८३६ समजून भलतंच वाचत बसाल.